टाके निघाल्यानंतरचा हिशेब

मेंदूतील गाठ काढली, रोगी शुद्धीवर आला, दहा-बारा दिवसांनी टाके निघाले आणि घरच्यांनी देवापुढे नारळ ठेवला, की आजाराचे प्रकरण संपले असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. रुग्णालयाच्या दफ्तरी शस्त्रक्रिया 'यशस्वी' म्हणून नोंदली जाते, शासकीय योजनेच्या अहवालात एका लाभार्थ्याची भर पडते आणि कचेरीतील सहकारी एकेकदा भेटून जातात. मग चार-सहा महिन्यांनी एखाद्या सकाळी दाढी करता करता त्याच माणसाच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप फडफडू लागतो. अंगठ्यावरून ती फडफड मनगटात, मनगटावरून दंडात आणि तेथून चेहऱ्याच्या डाव्या बाजूत शिरते, आणि मिनिटभरात तो माणूस न्हाणीघरात कोसळलेला असतो. शस्त्रक्रिया फसली असा याचा अर्थ होत नाही. गाठ गेली, तरी तिने ज्या पेशींना वर्षानुवर्षे डिवचले त्या पेशी तेथेच असतात. शिवाय शस्त्राचा व्रण त्यांच्या शेजारी उरतो. गाठ उत्तम रीतीने काढलेल्या रोग्यांतही अनेकांना अपस्माराची औषधे पुढे कित्येक वर्षे, काहींना जन्मभर, घ्यावी लागतात. सार्वजनिक व्यवस्था मात्र शस्त्रक्रियेचे पैसे देते आणि या पुढच्या वर्षांकडे पाठ फिरवते. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरलेला आहे. सोळाव्या दिवसापासूनचा हिशेब रोग्याने आणि त्याच्या कुटुंबाने स्वतः मांडावयाचा असतो.

हा हिशेब नेमका कशाचा, हे समजण्यासाठी रोगाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. मेंदूतील अर्बुद म्हटले की ते जितके घातक तितके झटके अधिक, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बरेचसे उलट आहे. मेंदूच्या आधारपेशींपासून सावकाश वाढणाऱ्या, तुलनेने सौम्य गाठींच्या दर दहा रोग्यांपैकी ढोबळ मानाने सहा ते नऊ जणांना झटके येतात. झपाट्याने वाढणाऱ्या, अत्यंत मारक गाठीत हे प्रमाण तीन ते सहापर्यंत असते. सावकाश वाढणारी गाठ भोवतालच्या पेशींना मारीत नाही, चिथावीत राहते, आणि चिथावणीला भरपूर अवधी मिळतो. त्यामुळे ज्याच्यापुढे अजून दहा-वीस वर्षांचे आयुष्य आहे, ज्याला नोकरी करावयाची आहे आणि मुले वाढवावयाची आहेत, अशाच माणसाच्या वाट्याला झटक्यांचा दीर्घ सहवास येतो. आर्थिकदृष्ट्या हा या रोगाचा सर्वांत महत्त्वाचा विशेष म्हटला पाहिजे. आणि नेमका तोच योजनांच्या आखणीत कोठे दिसत नाही.

अंगठ्यापासून दंडाकडे सरकणाऱ्या त्या फडफडीला वैद्यकात जॅक्सन या इंग्रज वैद्याचे नाव आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, मनगट, चेहरा यांच्या हालचालींच्या जागा शेजारी शेजारी मांडलेल्या असल्या पाहिजेत, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात केवळ अशा झटक्यांचे निरीक्षण करून ताडले. त्या तर्काची परीक्षा २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये झाली. एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याचे झटके चेहऱ्यात व हातात सुरू होतात, एवढ्यावरून ह्यूज बेनेट यांनी गाठीची जागा सांगितली आणि रिकमन गॉडली यांनी कवटी उघडली. त्या काळी क्ष-किरणही माहीत नव्हते. तरी गाठ सांगितल्या ठिकाणीच सापडली, अक्रोडाएवढी. झटके थांबले, परंतु सुमारे महिन्याभराने तो शेतकरी जंतुसंसर्गाने दगावला. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक लिस्टर यांचे पुतणे होते, हा दैवाचा विपर्यास. झटका हा नुसता उपद्रव नसून आतील बिघाडाचा पत्ता सांगणारी खूण आहे, हे मात्र त्या दिवशी सिद्ध झाले.

ही खूण वाचता आली नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील विख्यात संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचे आहे. १९३७ च्या आरंभी एका जाहीर वादनात त्यांचे भान क्षणभर हरपले. पुढे जळक्या रबराचा वास येऊ लागला. शेजारी बसलेल्यांना तो येत नसे. कानशिलामागील मेंदूच्या भागातून उठणाऱ्या झटक्यांत असा नसता वास येणे परिचित आहे. परंतु त्यांचा विकार मनाचा समजला गेला. जुलैत ते बेशुद्ध झाले तेव्हा गाठ उघड झाली आणि ११ जुलै १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतर ते वारले. हॉलिवुडमधील वैभवात जे घडले ते आपल्याकडील खेड्यात घडले तर नवल नाही. झटक्यांच्या रोग्याला चप्पल हुंगवणे, नाकाशी कांदा फोडणे, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबणे हे प्रकार शहरांतल्या फलाटांवरही चालतात. क्षणभर हरवणारा विद्यार्थी वर्गात 'लक्ष नसलेला' ठरतो, आणि भलताच वास येतो म्हणणारी सून 'बाधा झालेली' ठरते. उलट बाजूची एक सूचनाही येथे केली पाहिजे. आपल्या देशात झटका आला आणि मेंदूच्या छायाचित्रात गाठ दिसली, की ते अर्बुदच असते असे नाही. फीतकृमीच्या अळीमुळे किंवा क्षयामुळे झालेली गाठही तशीच झटके आणते, आणि ती बहुधा औषधाने बरी होते. तेव्हा पहिल्या छायाचित्राने घाबरून घर विकावयास काढणे जितके चुकीचे, तितकेच ते छायाचित्र काढण्याचे टाळून मांत्रिकाकडे जाणे चुकीचे.

शस्त्रक्रियेनंतर काय उरते आणि काय जाते, याची सर्वांत बोलकी नोंद कॅनडातील माँट्रियल येथे झालेली आहे. तेथे १९२८ साली नुकतेच रुजू झालेले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्या सख्ख्या बहिणीला, रूथला, तरुणपणापासून झटके येत. त्यांचे कारण कोणाला उमगले नव्हते. डोकेदुखी असह्य झाली तेव्हा कपाळामागच्या उजव्या भागात मोठी गाठ असल्याचे कळले. त्या वर्षीच्या डिसेंबरात पेनफील्ड यांनी स्वतःच बहिणीची कवटी उघडली आणि मेंदूच्या उजव्या ललाटखंडाचा फार मोठा भाग कापून काढला. तरीही गाठ मुळासकट निघाली नाही. रूथ वाचली. सहा मुलांची ती आई घरी परतली, हसू-बोलू लागली, पाहुण्यांशी विनोद करू लागली. तिला पाहणाऱ्या परक्याला काही उणे आहे असे वाटले नसते.

सुमारे पंधरा महिन्यांनंतर पेनफील्ड एके संध्याकाळी तिच्याकडे जेवावयास गेले. घरची चार माणसे आणि एक पाहुणा, एवढ्यांचाच साधा स्वयंपाक होता. तयारीला सगळा दिवस हाताशी होता, आणि बेतही तिचा स्वतःचा होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. सर्व जिन्नस समोर होते, एक-दोन पदार्थ चुलीवर चढलेले होते. परंतु कोशिंबीर झालेली नव्हती, मांस शिजवावयास घेतलेलेच नव्हते, आणि दिवसभराच्या एकटीच्या धडपडीने ती गोंधळून, रडवेली होऊन गेली होती. प्रत्येक काम तिला येत होते. कोणते आधी आणि कोणते नंतर, एक उकळेपर्यंत दुसरे काय उरकावे, ही जुळणी तेवढी हरवली होती. १९३५ साली पेनफील्ड यांनी आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हा प्रसंग नोंदविला आहे. तोवर गाठ पुन्हा वाढून १९३१ मध्ये रूथचा अंत झालेला होता.

या प्रसंगाकडे वैद्यकाने मेंदूच्या ललाटखंडाचे कार्य समजण्यासाठी पाहिले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसावयास हवे. पिगू या अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिले की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच राहते, फक्त त्याचा पगार थांबतो. रूथचे जे गेले ते कोणत्याही हिशेबाच्या वहीत नव्हते, म्हणून ते गेल्याचीही नोंद कोठे होऊ शकली नसती. आपल्याकडे मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या गृहिणीविषयी 'आता पूर्वीसारखा तिच्यात हुरूप नाही', 'आळसावली आहे' असे शेरे सर्रास ऐकू येतात. दुधावर लक्ष ठेवून पोळ्या लाटणे आणि त्याच वेळी मुलाला उजळणी म्हणावयास लावणे, हे सर्वांत गुंतागुंतीचे नियोजन आहे, हे ते करणारी व्यक्ती ते करीनाशी होईपर्यंत कोणाला जाणवत नाही. शिवाय चुलीपुढे झटका आला तर भाजण्याची धास्ती असते. म्हणून घरात दुसरे कोणी असल्याशिवाय तिने गॅस पेटवू नये असे ठरते, आणि त्यासाठी सासूला किंवा शाळकरी मुलीला घरी थांबावे लागते. एका रोग्यापायी दोन माणसांचे श्रम खर्ची पडतात. पैकी दुसऱ्याची गणना तर आजारातही होत नाही.

झटक्यांच्या पाठोपाठ आणखी बरेच काही येते. झटका ओसरल्यावर हात किंवा पाय काही मिनिटे, क्वचित काही तास, लुळा राहतो. उरलेला दिवस ग्लानीत जातो. किरणोपचार झाले असतील तर विचारांचा वेग मंदावतो; लहान वयात ते झालेल्या मुलांना समजते तेवढेच, परंतु उशिरा समजते, आणि परीक्षेचे तीन तास त्यांना पुरत नाहीत. औषधांचेही आपले देणे असते. १९३८ पासून वापरात असलेल्या फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, शिवाय कर्करोगावरील काही औषधांचा प्रभाव त्यामुळे कमी होतो. नव्या लेव्हेटिरॅसिटामला ही अडचण नाही, परंतु त्याने काही माणसे चिडखोर होतात. शांत स्वभावाचा शिक्षक एकाएकी वर्गात खेकसू लागला तर तो दोष गोळीचा आहे हे मुख्याध्यापकांना कोण सांगणार? बहुधा त्याच्या पत्नीलाही ते कोणी सांगितलेले नसते.

पेनफील्ड यांच्या माँट्रियलशी भारताचा धागा थेट जुळतो. तेथे शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे देशातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत शस्त्रक्रियेच्या बाजूने देशाने मजल मारली, यात शंका नाही. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेने अनेक गरीब रोग्यांना मोठ्या रुग्णालयाचे दार उघडून दिले. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु या साऱ्या योजनांची रचना 'प्रकरण' या घटकावर उभी आहे. प्रकरण उघडते, मंजूर होते, रक्कम चुकती होते आणि बंद होते. अपस्माराची रोजची गोळी हे कधीच बंद न होणारे प्रकरण आहे, म्हणून ते कोठेच उघडले जात नाही.

औषधे दुर्मिळ आहेत अशी स्थिती नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन, व्हाल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटाम ही सर्व आहेत. प्रश्न आहे तो तालुक्याच्या ठिकाणी, महिन्यामागून महिना, खंड न पडता ती मिळण्याचा. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकली तर बहुधा निभावते. अपस्माराची गोळी एकाएकी थांबली तर झटक्यामागून झटके येत राहून प्राणावर बेतू शकते. तेव्हा 'पुढच्या आठवड्यात साठा येईल' हे औषधवाटपाच्या खिडकीवरील उत्तर येथे चालण्यासारखे नाही. शासनाने शस्त्रक्रियेवर केलेला मोठा खर्च थोड्या पैशांच्या गोळीअभावी वाया जातो आणि रोगी पुन्हा अतिदक्षता विभागात येतो. याला काटकसर म्हणणे म्हणजे छत गळते म्हणून रोज नवी बादली विकत घेण्यासारखे आहे. ज्या योजनेतून शस्त्रक्रिया झाली तिनेच किमान पाच वर्षांच्या औषधांची जबाबदारी घ्यावी आणि ती औषधे रोग्याच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच्या नावे मिळावीत, ही मागणी अवाजवी नाही. क्षयाची औषधे शासन अशा रीतीने रोग्याच्या नावानिशी पुरवीत आलेलेच आहे.

कायद्याची दृष्टीही अशीच अडखळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सवलतीस पात्र असणाऱ्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली. त्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे आणि कंपवाताचे नाव आहे; अपस्माराचा मात्र नामोल्लेख नाही. गाठीमुळे वाचा कायमची गेली तर ती कायद्याला दिसते. झटका दोन मिनिटे येतो आणि जातो, आणि तपासणी मंडळापुढे उभा असलेला माणूस त्या क्षणी धडधाकट असतो. ४० टक्क्यांच्या मोजपट्टीवर त्याला कसे बसवावे? एवढ्यासाठीच तो सुटतो. याच कायद्याने सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही; त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देण्याचे बंधन आस्थापनेवर आहे. या तरतुदीचा लाभ झटक्यांच्या रोग्याला निःसंदिग्धपणे मिळावयाचा तर अधूनमधून येणाऱ्या दिव्यांगत्वाची व्याख्या करणे भाग आहे. तोवर होते ते असे, की यंत्रावरील कामगाराला 'घरी विश्रांती घ्या' म्हणून सांगितले जाते आणि भांडारातील नोंदवहीचे काम, जे तो उत्तम करू शकला असता, रिकामेच राहते.

येथे मालकवर्गाची किंवा समाजाची भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला महिन्यात दोन झटके येतात त्याने बस चालवू नये. परंतु आपल्या नियमांची धाटणी अशी आहे की, परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रातील अपस्माराच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले की मार्ग बहुधा कायमचा खुंटतो. ब्रिटनमध्ये साधारणपणे १२ महिने झटका न आल्यास खाजगी मोटार चालविण्याची मुभा पुन्हा मिळते, आणि मेंदूतील गाठीचा प्रकार पाहून ही मुदत वाढविली जाते. तेथे खरे बोलणाऱ्याला काही आशा असते. येथे ती नसल्यामुळे माणसे 'नाही' असे लिहून मोकळी होतात, आणि ज्या सुरक्षिततेसाठी नियम केला तीच धोक्यात येते. विम्याचेही तसेच. २०१९ मध्ये विमा नियामकाने, आधीपासून असलेल्या ज्या आजारांना संरक्षणातून कायमचे वगळण्याची मुभा विमा कंपन्यांना दिली, त्या यादीत कर्करोग होता आणि अपस्मारही. ज्याला दोन्ही आहेत त्याने विमा कशाचा उतरवावा, असा प्रश्न पडतो.

लग्नाच्या बाबतीत कायद्याने निदान एक गोष्ट केली. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडेपणाच्या पंक्तीला बसवून विवाहाच्या आड ठेवलेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द तेथून वगळला. लोकांच्या मनातून तो वगळला गेलेला नाही. कुशीत निजलेल्या नवऱ्यापासून गोळीची पट्टी लपविणारी, आणि लपविता न आल्यामुळे गोळीच सोडून देणारी मुलगी ही आपल्या समाजाची कर्तबगारी आहे. त्यातच व्हाल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक असल्याने, दिवस राहण्यापूर्वीच ते बदलणे आवश्यक असते. ज्या घरात आजाराचा उच्चारच होत नाही तेथे हा विचार कोण, केव्हा करणार?

औषधांचा पुरवठा आणि कायद्यातील दुरुस्ती यांना वेळ लागेल. ज्याला पैसा लागत नाही ते मात्र शाळेच्या शिक्षककक्षात किंवा कचेरीच्या एका बैठकीत होऊ शकते. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, चष्मा काढावा, गळ्याजवळचे बटण सैल करावे. त्याच्या तोंडात चमचा, बोट, पाणी यांपैकी काहीही घालू नये आणि त्याचे हातपाय दाबून धरू नयेत. एकाने घड्याळाकडे पाहावे: पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बहुतेक वेळा तो दोन-तीन मिनिटांत थांबतो. मग त्या माणसाला आपण कोठे आहोत हे समजावयास थोडा वेळ लागतो, आणि डोळे उघडल्यावर भोवती वीस माणसांचे कडे दिसले तर तो आणखीच गोंधळतो. ओळखीच्या एकानेच जवळ बसावे आणि बाकीच्यांनी आपापल्या मेजाकडे जावे. त्याचे उरलेले काम त्या दिवशी दुसऱ्याने करावे, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याचे त्याला परत द्यावे.